हारुकाच्या पत्त्यावरून

हारुकाचा मेल वनजानं उघडला आणि पडद्यावर पुन्हा तेच. डॉलरची चिन्हं, टक्के, सुटी इंग्रजी अक्षरं, ओळीच्या ओळी.

"अय्यो, हिनं परत डॉलरच पाठवलेत बघा," ती हसत नवऱ्याला म्हणाली. भुजंगराव पेपर वाचत होते, नुसते हुंकारले.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या घराची माडीवरची खोली वनजा परदेशी विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यायची. हारुका जपानहून वीणा शिकायला आली, वर्षभर राहिली आणि घरातलीच होऊन गेली. जाताना पुढच्या दसऱ्याला परत येते म्हणाली होती. तिचे मेल मोडक्यातोडक्या इंग्रजीत यायचे, पण नीट दिसायचे. आताच काय बिघडलं होतं कोण जाणे. घरचा कॉम्प्युटर जुना आणि त्यातला मेलचा प्रोग्राम त्याहून जुना.

मग वनजा अंदाजानंच उत्तर द्यायची. पहिल्या मेलला तिनं लिहिलं, 'काही वाचता आलं नाही, पण तुझं नाव बघूनच आनंद झाला.' दुसऱ्याला लिहिलं, 'तुझ्या खोलीला रंग दिलाय. लवकर ये, आम्ही वाट बघतोय.' आजही ती असंच काहीबाही लिहायला बसली, तेवढ्यात सौम्या, तिची मुलगी, ऑफिसातून आली आणि मागून डोकावली.

"अम्मा, मेल बिघडलेला नाही गं. हा जपानीत आहे आणि तुझा प्रोग्राम त्याला इंग्रजी समजून बसलाय. जरा बाजूला सर."

तिनं मेनू उघडला, भाषांच्या यादीतून जपानी निवडली. डॉलर गेले, त्यांच्या जागी बारीक, रेखीव अक्षरं आली. वनजानं टाळीच वाजवली. सौम्यानं तो मजकूर भाषांतराला टाकला, वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"काय म्हणते?"

"हे तिनं नाही लिहिलेलं. तिच्या वडलांनी लिहिलंय."

"वडलांनी? ते कशाला?"

सौम्या पुन्हा मेलच्या यादीकडे वळली. आधीचे दोन्ही मेल तसेच उघडून तिनं वाचले. मग हळूच म्हणाली, "अम्मा, हारुका गेली. गाडीनं उडवलं तिला. पहिल्या मेलमध्येच कळवलं होतं त्यांनी."

"सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नकोस!" वनजा ओरडली. सौम्या रडायला लागली तेव्हा तिला ते खरं वाटलं.

"आज काय लिहिलंय?" भुजंगरावांनी विचारलं. पेपर खाली पडला होता.

"'आपण खोलीला रंग दिल्याचं शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं. माझं म्हणणं आपल्याला नीट कळलं नसावं. कृपा करून तिची वाट पाहू नका.'"

वनजाला आपली उत्तरं आठवली. पोरगी गेल्याचं बापानं कळवलं आणि आपण काय लिहिलं? आनंद झाला! "काय वाटलं असेल हो त्या माणसाला?" ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिली.

सौम्या म्हणाली, जपानीत लिहून पाठवू. वनजानं जोरजोरात मान हलवली. तिकडे पुन्हा भलतंच काही दिसलं तर? मेलच्या तळाशी एक नंबर होता. तिनं तोच लावायला सांगितला.

बराच वेळ रिंग वाजली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"वनजा... फ्रॉम मैसूर," ती कशीबशी म्हणाली.

"वनजा-सान," असं म्हणून ते रडायला लागले. वनजाला जे येत होतं ते इंग्रजीही आठवेना. ती मराठीतच बोलायला लागली, मध्ये कन्नड, परत मराठी. मला दिसलं नाही हो, मला खरंच वाचता आलं नाही. ते जपानीत बोलत होते. एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, तरी दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.

शेवटी वनजाला बोलवेना तेव्हा भुजंगरावांनी हात पुढे केला. फोन कानाला लावून ते "मी भुजंगराव," एवढंच म्हणाले आणि खुर्चीच्या कडेला बसून कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिले.