कुठले शेलार?

केडगाव स्टेशनच्या अलीकडे भिमाजीरावांचं दुमजली घर. वरच्या खोलीच्या खिडकीला महिनाभर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकत होती. रविवारची सकाळ होती. कस्तुराबाई भाकरी थापत होत्या आणि धाकट्या इंद्रजीतचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल चालू होता.

"आप्पा, काल परत तेच. नाव सांगितलं, तर घरमालकीण बाई म्हणाली, घर कालच गेलं. मग माझ्या ऑफिसातल्या गोऱ्या मित्रानं फोन केला, तर त्याला म्हणाली, संध्याकाळी बघायला या!" इंद्रजीत हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. महिनाअखेर त्याला हॉस्टेल सोडायचं होतं.

भिमाजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमचं पोरगं काय चोर हाय? शिकलेलं, नोकरीचं! माणूस न बघताच न्हाई म्हणत्यात? इंद्या, तुला जी बाई घर देईल, तिला मी हितून पैठणी धाडतो, बघ!"

कस्तुराबाईंनी पदरानं डोळे पुसले. तव्यावरची भाकरी करपली.

फोन ठेवून अर्धा तास झाला नसेल, तोच फाटक वाजलं. सुलक्षणा शेलार, सरकारी दवाखान्यात नर्स. शिरूरहून बदली झालेली, उद्यापासून हजर व्हायचं, रात्रपाळ्या लागणार, म्हणजे रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. तिनं खोली पाहिली, पसंत केली. भिमाजीराव खूश झाले.

"बसा, पाणी घ्या. शेलार म्हंजी कुठले शेलार? आपल्यातलेच का?"

काय गोड आवाजात विचारतात हो हा प्रश्न आपल्याकडे! दोन दिवसांत सुलक्षणापुढे तो चौथ्यांदा आला होता. मान डोलावली असती तर किल्ली हातात पडली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आम्ही बौद्ध," ती म्हणाली.

भिमाजीराव खाकरले. "अरेरे! पण बाई, खोली... खोली तर कालच गेली की."

कस्तुराबाई तांब्या घेऊन येत होत्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या. कालच गेली!

"काका, पाटी अजून लटकतेय," सुलक्षणा उठत म्हणाली. "द्यायची नसेल तर तसं सांगा. खोटं कशाला बोलता?" ती फाटकाकडे वळली.

"थांब गं बाई!" कस्तुराबाई ओरडल्या. "घर माझ्या नावावर हाय."

खरंच होतं ते. बाईच्या नावावर घेतलं की सरकारी फी कमी पडते, म्हणून भिमाजीरावांनीच तसं केलं होतं. त्यानंतर मात्र हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"अगं, भावकीत तोंड कसं दाखवू मी?"

"सकाळी त्या गोऱ्या बाईला एवढं बोललात, आन् आता तिचंच वाक्य तुमच्या तोंडात? लाज न्हाई वाटली? करारावर सही माझी लागंल. ह्या बाईला सोडून दुसऱ्या कुणाच्या कागदावर मी ती करणार न्हाई."

"मग मी हितं जेवणार न्हाई!"

"भाकरी झाकून ठेवलीय. भूक लागली की खावा."

सुलक्षणा मात्र जागची हलली नाही. "मावशी, उपकार म्हणून देत असाल तर नको. भाडं मी वेळेवर देईन, आणि भिंतीवर माझ्या माणसांचे फोटो लावीन."

"लाव की. खिळे हायेत घरात."

भिमाजीराव दुपारी तीनला जेवले.

पुढच्या रविवारी भावकीतले सोपानराव ओट्यावर येऊन टेकले. भिमाजीराव पेपरात तोंड घालून बसले होते. कस्तुराबाईंनी चहाचा कप सोपानरावांपुढे ठेवला.

"वहिनी, खोली दिली म्हणं?"

"व्हय. शेलारबाईंना."

"कुठले शेलार?"

कस्तुराबाईंनी आवाज चढवला, गल्लीभर ऐकू जाईल इतका. "बौद्ध शेलार! वरच राहत्यात. आन् हा चहा त्यांच्याच हातचा हाय. घ्या, भावजी."

सोपानरावांनी कपाकडे पाहिलं. मग त्यांना एकाएकी यवतला जायचं काम आठवलं आणि ते चपला पायात सरकवून चालते झाले.

कप ओट्यावर तसाच आहे, वाचकहो. चहा अजून गरम आहे. बसताय ना? की तुम्हालाही काही काम आठवलं?