सतरा नंबरचा मालक

ताईने सतरा नंबरच्या सर्व्हरची निळी वायर उपटली, तिच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सोमवारची तारीख घातली आणि स्टूल ओढून बसली. आता कुणी ओरडत येतंय का, याची वाट पाहायची होती.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली ती खोली बारा महिने थंड असे. तिथे एक्केचाळीस सर्व्हर एकावर एक बसून घुमत होते आणि दोन महिन्यांत त्यांची सगळी कामं तीन नव्या, मोठ्या सर्व्हरवर न्यायची होती. नव्या पद्धतीत एकाच यंत्राच्या पोटात पंधरा-पंधरा सर्व्हर नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपलं घर स्वतंत्र आहे. साहेबांनी बैठकीत फळ्यावर चित्र काढून हे समजावलं, तेव्हा ताई म्हणाली होती, म्हणजे एकत्र कुटुंब, फक्त चुली वेगळ्या. सगळे हसले आणि बिऱ्हाडं हलवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

हलवण्याआधी यादी करायची होती. कोणता सर्व्हर काय करतो, त्याचा मालक कोण. चाळीस ओळी भरल्या. सतराची कोरी राहिली. तो बसवणारा माणूस सहा वर्षांपूर्वी वारला आणि जाताना पासवर्ड सोबत घेऊन गेला. तक्रार विभाग म्हणाला, आमचा नाही. नकाशे विभाग म्हणाला, मग तक्रारवाल्यांचाच असणार, त्यांना आपलं काय आहे ते कधी माहीत असतं? कुलूप तोडून आत शिरता आलं असतं, पण त्यात अर्धा दिवस जातो, आणि बेवारशासाठी अर्धा दिवस कोण घालवणार? अशा वेळची या कामातली रीत ठरलेली असते. वायर काढायची आणि चौदा दिवस थांबायचं. ज्याचं अडेल तो ओरडत येईल. कुणी आलं नाही, तर सर्व्हर भंगारात.

ताईचा या रीतीवर भरवसा होता. पंचवीस वर्षांत तिने पाहिलं होतं, तुम्हाला काय हवंय असं विचारलं की माणसं खांदे उडवतात. काढून घेतलं की धावत येतात.

चौथ्या दिवशी दादाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी राहायचा, पण शेजारीण बातम्या आधी त्यालाच कळवायची. बाबा रोज पहाटे घराबाहेर पडतात आणि उजाडल्यावर परततात, असं तिने सांगितलं होतं. बुटांना चिखल असतो.

बाबांसोबत एकाच घरात राहून ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात तिला कधी नव्हे ती गाढ झोप लागत होती. तिने विचारलं, तर बाबा म्हणाले, जरा पाय मोकळे करून आलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यापायी वर्षभर फाटकापलीकडे गेला नव्हता, आणि म्हणे पाय मोकळे.

दादाने पुन्हा फोन केला तेव्हा तो ठरवूनच बसला होता.

"डोकं फिरतं गं या वयात. उद्या घरचा रस्ता विसरले तर? तू दिवसभर ऑफिसात. मी एक चांगली जागा बघून ठेवलीय, चोवीस तास माणसं असतात. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"बघू."

"बघू नाही. त्यांची बॅग भरून ठेव."

वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. दिवसभर सर्व्हर हलवायचे आणि घरी आल्यावर बापाला हलवायची बोलणी. फोन ठेवून तिने धुतलेला कप पुन्हा एकदा धुतला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बॅग काढली, पण ती उघडली नाही.

गुरुवारी मात्र ती पहाटे पाचपासून अंथरुणात जागी बसून राहिली. दार हळूच ओढल्याचा आवाज आला, तशी चपला हातात घेऊन मागे निघाली.

बाबा काठी टेकत चालले होते. दर वीस पावलांनी थांबत, गुडघा चोळत, पण वळणावर एकदाही अडखळले नाहीत. ज्या पंपघरात त्यांची नोकरी सरली, त्याच्या कुंपणापाशी ते उभे राहिले. मागे पाण्याची उंच टाकी होती. टाकीच्या अंगावर आकड्यांची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा लाल काटा. पाणी वर चढलं की काटा खाली येतो. लहानपणी बाबांनीच तिला हे शिकवलं होतं, नवीन माणूस उलटं वाचतो म्हणून. त्यांनी टॉर्चचा झोत काट्यावर धरला, चष्मा पुसला, परत धरला आणि खिशातून वही काढली.

"बाबा."

ते दचकले नाहीत.

"आलीस होय? बघ गं जरा. सव्वातीन आहे की साडेतीन?"

"साडेतीन."

त्यांनी आकडा खोडून दुरुस्त केला. मग कुंपणाला टेकून सांगू लागले. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे साडेपाचला ऑफिसातून त्यांच्या फोनवर निरोप यायचा, टाकीत पाणी किती. वाचलं की दिवस सुरू. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून तो आला नव्हता.

तो टुंग आवाज ताईने वर्षानुवर्षं ऐकला होता. ती त्याला बाबांचा गजर समजत होती.

"मग मला नाही का सांगायचं?"

"ओरडा कशाला करायचा? आजारी असेल बिचारा पाठवणारा. अठरा वर्षांत एक खाडा नाही त्याचा. तो कामावर येईपर्यंत कुणीतरी पाहायला हवं ना."

तिने वही हातात घेतली. दहा दिवसांच्या दहा ओळी होत्या. तारीख, वेळ, पातळी. सहीची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. निवृत्त माणसाला सही करण्याचा अधिकार नसतो.

"चला," ती म्हणाली, "हात धरा माझा."

त्या दिवशी ताईने अर्धा दिवस घालवून सतराचं कुलूप तोडलं. आत पंप ऑपरेटरांचे अकरा फोन नंबर होते. दहा कधीच बंद पडलेले. अकरावा तिला पाठ होता. पाण्याची पातळी आता नव्या कंट्रोल रूमला आपोआप कळते, या निरोपाची तिथे कुणालाच गरज नव्हती. साहेबांनी तेच सांगितलं. शिवाय मालकाच्या रकान्यात काय लिहायचं?

"पंप ऑपरेटर लिहा."

"ताई, ते पदच आता राहिलं नाही."

"माणूस आहे, साहेब."

साहेबही त्या यादीला कंटाळले होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ओळ भरली. खोलीत जाऊन ताईने निळी वायर परत खोचली, पट्टी सोलून काढली.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला. रविवारी जेवायला ये, म्हणाली, पण बॅग भरलेली नाही आणि भरणारही नाही. तो चिडला, तेव्हा तिने त्याला कुंपणापाशी पाहिलेलं सगळं सांगितलं.

"किती होतं पाणी?" दादाने विचारलं.

"साडेतीन."

"हं," तो म्हणाला.

शुक्रवारी पहाटे टुंग वाजलं. बाबा एक बूट घालून बसले होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन निरोप दोनदा वाचला आणि घातलेला बूट काढून ठेवला.

"बरा झाला म्हणायचा."

"हो."

"त्याला सांग पोरी, आजारातून उठलायस, इतक्या पहाटे येत जाऊ नकोस म्हणावं. सातला कळवलं तरी चालेल. पाणी कुठे पळून जातंय."

"सांगते."

सोमवारी सतराचं बिऱ्हाड नव्या घरात गेलं. ताईने सगळं जसंच्या तसं नेलं. फक्त साडेपाचच्या जागी सात लिहिले.