टेलिफोनवर फुटलेली सुपारी

भगवंतरावांच्या घरी नुकताच टेलिफोन आला होता. अकोल्याच्या भाजीबाजारातले ते मोठे दलाल. काल-परवापर्यंत आमच्यासारखेच पातूरच्या मळ्यात वांगी तोडत होते, आता तारेवर बोलत होते. घंटी वाजली की टोपी सारखी करून उभे राहायचे आणि त्या काळ्या डबड्याला वाकून रामराम करायचे. आम्हाला मात्र रामराम बसल्या बसल्या, तोही अर्धाच.

आम्ही गेलो होतो सोयरिकीसाठी. माझी भाची वच्छला त्यांच्या गोवर्धनला द्यायची होती. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण बोलताना अडखळते. समोरचा थांबला तर नेमकं बोलते, पण थांबतो कोण? आधीची स्थळं त्यावरूनच मोडली. म्हणून तिच्या बापाला, शेषराव भाऊजींना, मी मोटारीतच बजावलं होतं, "सुपारी फुटेस्तोवर तोंड उघडू नोका." आमच्याकडे बैठकीत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. पण भाऊजी पडले हट्टी. म्हणाले, "सांगितल्याबिगर फोडू देनार नाही."

भगवंतरावांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, सुपारीचं तबक आणून ठेवलं. भाऊजींनी घसा साफ केला.

"भगवंतराव, पोरीची एक गोष्ट सांगाची हाय. आमची वच्छला..."

घंटी वाजली.

"हालो! रामराम! मेथी? कालची मेथी पाठवू नोको बे!" भगवंतराव परत येऊन टेकले. "हं, काय म्हनत होते तुमी?"

"आमची वच्छला बोलताना..."

पुन्हा घंटी.

आधी मला त्या डबड्याचा संताप आला. माणसानं बोलावं की नाही? मग वाटलं, वाजू दे मेलं, आपल्याच कामाचं आहे. भाऊजी तोंड उघडायचे, मी देवाचा धावा करायचो, आणि घंटी वाजायची. पण जीव थाऱ्यावर नव्हता. एखाद्या वेळी नाही वाजली तर? मी मांडी बदलत होतो, दाराकडे बघत होतो. चहा निवून गेला.

मग अंजनगावचा कुणी पानवाला फोनवर आला आणि भगवंतरावांचं त्याच्याशी जुंपलं. भांडता भांडता त्यांनी फोन खांद्यात दाबला, सवयीनं तबकातली सुपारी उचलली, अडकित्त्यात धरून कटकन फोडली आणि सगळी तोंडात टाकली.

मी उडालोच. "फुटली! सुपारी फुटली! सोयरीक झाली!"

भगवंतराव चघळता चघळता थांबले. तबकाकडे पाहिलं, फोनमध्ये "ठैर जरा" म्हणाले आणि हसले. "झाली तं झाली! पोरगी चांगलीच असन."

मला आनंदानं काय करू न् काय नको झालं. भाऊजी मात्र उठले.

"सुपारी दोन्ही घरच्यांनी खावा लागते, भगवंतराव. तुमी एकट्यानंच खाल्ली."

"अरे, मंग दुसरी फोडतो नं!"

"नोका फोडू. आमी निंगतो."

मी त्यांचं धोतर ओढलं. "भाऊजी, काहून पोरीचं वाटोळं करून राहिले? चालून आलेलं घर हाय!"

"सूर्यभान," ते म्हणाले, "माही जीभ तं धड हाय नं? तरी या घरात माहं एक वाक्य पुरं झालं नाही. वच्छलेचं कोन पुरं होऊ देईन?"