एक जूनचा वाढदिवस

सावळीराम पगारे यांना काही भेट देणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतण्यासारखं होतं. आज दिलेली वस्तू चार दिवसांनी दुसऱ्याच्याच अंगावर दिसायची. लग्नानंतर बायकोनं, लताबाईंनी, हौसेनं घेतलेलं मनगटी घड्याळ पुतण्याच्या हातावर गेलं, कारण तो मॅट्रिक पास झाला होता. छत्री एस.टी. स्टँडवर एका अनोळखी लेकुरवाळीला गेली. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "तिला गरज होती. मला काय कमी आहे?"

त्यांचा वाढदिवस एक जूनला. तोही खरा नव्हे. जन्म कधी झाला हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शाळेत नाव घालताना मास्तरांनी इतर पोरांसारखीच त्यांनाही ती तारीख चिकटवली.

"हा वाढदिवस माझा नाही, मास्तरांच्या सोयीचा आहे," सावळीराम म्हणायचे.

"असू दे. मिळालाय तर ठेवा. तो तरी कुणाला देऊन टाकू नका," लताबाई म्हणायच्या.

त्या पालिकेच्या शाळेत शिकवत. सावळीराम पाटबंधारे खात्यात कारकून. नाशिकला खात्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात दोघंच. भांडण असं कधी नव्हतं. पण त्र्याऐंशी सालच्या थंडीत लताबाईंच्या मनाला एक गोष्ट लागली. दिवाळीपासून त्यांनी नवऱ्यासाठी करड्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. गळा दोनदा उसवून पुन्हा घातला. आणि संक्रांतीच्या सुमारास शालिमार चौकात भाजी घेताना तो स्वेटर त्यांच्या समोरून चालत गेला. आत होता कोंडाजी, सावळीरामांच्या ऑफिसातला शिपाई.

त्यानं ओळखून रामराम केला. "साहेबांनी दिला, बाई. लय ऊब हाय याला."

"नीट बसलाय की," लताबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? बिचाऱ्याचा काय दोष? पण भाजी अर्धवट सोडून त्या घरी आल्या. ऊब कोंडाजीला मिळाली याचं दुःख नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला नेमकं काय हवंय हे आपल्याला माहीत नाही, याचं होतं. माणसाला काहीच नको असतं? की कधीतरी हवं होतं आणि त्यानं त्यावर झाकण घातलंय?

मे महिन्यात सटाण्याकडे सासरच्या नात्यातलं लग्न होतं. सावळीरामांना रजा मिळाली नाही, म्हणून लताबाई एकट्याच गेल्या. लग्न उरकल्यावर दोन दिवस त्या सावळीरामांच्या गावी, नणंदेकडे, विठाबाईंकडे राहिल्या. विठाबाई सावळीरामांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच वाढवलेलं. दुपारी कांदे निवडता निवडता लताबाईंनी विचारलं, "आक्का, लहानपणी यांना कशाची आवड होती हो?"

विठाबाईंचा हात थांबला. "सावळ्याले? पानीनं याड व्हतं, बाई त्याले."

"पाण्याचं?"

"हा. पोहानं." मग त्यांनी सांगितलं. गावाला पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावातली पोरं दुपारभर त्यात उड्या टाकायची. सावळा लांब चिंचेखाली बसून बघत राहायचा. घरी आला की मातीत पालथा पडून हातपाय मारायचा, ती पोरं मारायची तसे.

"मग उतरले नाहीत कधी?"

"आपलाले कोन उतरू देई त्या इहीरमा?" विठाबाई म्हणाल्या आणि पुन्हा कांदे निवडू लागल्या.

संध्याकाळी लताबाई ती विहीर बघून आल्या. काठावर विजेची मोटर बसली होती, पाणी पार तळाला गेलं होतं, पायऱ्यांवर गवत माजलेलं. आता तिथं कुणीच पोहत नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. गोदावरीवरच्या पुलावरून जाताना सावळीराम नेहमी थांबायचे. खाली पोरं पाण्यात मुटके मारत असायची. आपण समजत होतो, वारा खायला थांबतात. गंगापूर धरण भरलं की ऑफिसची माणसं सहलीला जायची, तेव्हाही हे काठावर पँट न दुमडता उभे असायचे.

नाशिकला पोचल्यावर त्या पालिकेच्या तरण तलावावर गेल्या. तिथला शिकवणारा यादव हा लष्करातून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा माणूस होता.

"पंचेचाळिशीचा माणूस शिकेल का हो?" लताबाईंनी विचारलं.

"साठीचेही शिकतात, बाई. फक्त त्यांना पोरांसमोर गटांगळ्या खायची लाज वाटते. ती पहिली घालवावी लागते. फोटो आणलाय का? पासावर फोटो लागतो. ज्याचा पास त्यालाच प्रवेश."

लताबाईंना हे फारच बरं वाटलं. पास काढून त्या मेन रोडला खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं काय हवंय म्हणून विचारलं, तेव्हा मात्र त्यांना काही सुचेना. शेवटी "पोहायची चड्डी" एवढंच पुटपुटल्या.

"मुलासाठी का? किती वर्षांचा?"

"मुलासाठी नाही, त्याच्यापेक्षा मोठ्यासाठी," म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हवेत कंबरेचं माप दाखवलं. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोन मुली तोंड फिरवून हसल्या. लताबाईही हसल्या.

एक जूनला सकाळी चहाबरोबर त्यांनी पुडकं पुढं ठेवलं. सावळीरामांनी ते सावकाश सोडलं. निळी चड्डी बघून ते आधी हसले. मग त्यांच्या हाताला पास लागला. त्यावरचा स्वतःचा फोटो त्यांनी बराच वेळ बघितला आणि हसू विरून गेलं.

"आक्कानं सांगितलं?"

"हो."

त्यांनी चहा तसाच ठेवला, चप्पल घातली आणि ऑफिसची वेळ झाली नसताना बाहेर पडले.

तो दिवस लताबाईंना फार जड गेला. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मन रमवायलाही काही नव्हतं. झाकलेलं उघडं करायचा आपल्याला काय अधिकार होता? बावीस वर्षांत ज्यानं आपल्यापाशी शब्द काढला नाही, त्याच्या ताटात आपण तेच नेऊन वाढलं. पास परत करावा असं त्यांनी ठरवलंसुद्धा.

सावळीराम दिवेलागणीला आले. हातपाय धुऊन खाटेवर बसले. लताबाई कणीक मळत होत्या. ते म्हणाले, "आक्काला सगळं माहीत नाही."

लताबाईंनी हात थांबवले, पण वळून पाहिलं नाही.

"एकदा मी उतरलो होतो. दहा वर्षांचा असेन. भर दुपार होती, सगळे झोपले होते. पायऱ्या उतरलो आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो. एवढंच. गार होतं पाणी. कुणीतरी बघितलं. दुसऱ्या दिवशी बाबांना चावडीवर बोलावलं. सगळ्यांसमोर नाक घासायला लावलं."

"मारलं तुम्हाला बाबांनी?"

"नाही ना. मारलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, सावळ्या, पुन्हा त्या पाण्याकडं बघू नको बाबा. मग मी ठरवलं, आपण काही मागायचंच नाही. आपल्या मागण्यापायी दुसऱ्याला वाकावं लागतं."

लताबाई हात पुसून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. खिडकीतून शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

"तिथं कोण कुठला, असं काही विचारतात का?" सावळीरामांनी विचारलं. पंचेचाळीस वर्षांचा, सरकारी नोकरीतला माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"पास विचारतात," लताबाई म्हणाल्या. "तो आहे तुमच्याकडे."

पुढचे काही दिवस पास कपाटावरच पडून होता. लताबाईंनी विषय काढला नाही. मग एका रविवारी सकाळी सावळीराम पिशवी हातात घेऊन दारात उभे राहिले. पिशवीत टॉवेल होता.

"तू येतेस का? नुसती बसायला."

तलावावर पोरांचा नुसता कल्ला होता. लताबाई पायऱ्यांवर जाऊन बसल्या. सावळीराम कपडे बदलून आले तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले होते, जणू थंडी वाजतेय. यादवनं पास बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "या, पगारे साहेब. उथळ बाजूनं उतरा. शिडी धरून."

पहिली पायरी. दुसरी. पाणी गुडघ्याला लागलं आणि सावळीराम थांबले. लताबाईंनी नकळत आजूबाजूला पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. एक आई ओरडून मुलाला बोलावत होती, दोन कॉलेजची मुलं शर्यत लावत होती. सावळीरामांनीही एकदा मागं वळून पाहिलं, थेट लताबाईंकडे. मग ते खाली उतरले. कंबर, छाती. आणि यादवनं काही सांगायच्या आधीच नाक धरून त्यांनी अख्खं डोकं पाण्याखाली घातलं.

वर आले तेव्हा ठसकत होते, केस कपाळाला चिकटले होते, आणि ते हसत होते. लताबाईंनी हे हसू कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

शिकणं काही सोपं गेलं नाही. सावळीराम भरपूर पाणी प्यायले, एकदा नाकातून रक्त आलं, पाय सारखे बुडायचे. लहान मुली सपासप पुढं निघून जायच्या. "मातीत फार बरं जमायचं," ते घरी येऊन म्हणायचे, आणि आता ही गोष्ट ते हसत सांगू शकत होते. पोहायला शिकतोय हे ऑफिसात त्यांनी आपणहून सर्वांना सांगितलं. रात्री जेवताना हात कसा फिरवायचा याचं प्रात्यक्षिक होऊ लागलं, आणि लताबाईंना आमटीचं पातेलं जरा लांब ठेवावं लागायचं.

जुलै उजाडला. आभाळ भरलेलं होतं, तलावावर मोजकीच माणसं होती. शाळा भरायच्या आधी लताबाई नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. यादव पाण्यात सावळीरामांच्या पाठीखाली हात धरून उभा होता. त्यानं एकदम हात काढून घेतला. सावळीराम क्षणभर डगमगले, पाय थोडे खाली गेले, पुन्हा वर आले. आणि मग ते तरंगत राहिले. हात पसरलेले, चेहरा आभाळाकडे, कान पाण्याखाली.

लताबाईंनी घड्याळ पाहिलं. ऑफिसला उशीर होत होता.

"अहो, निघायचं ना?" त्यांनी हाक मारली.

सावळीरामांना ती ऐकू गेली नाही. लताबाईंनी पुन्हा हाक मारली नाही.