पिल्लं उतरतात त्या दिवशी

कोंबडीच्या पिल्लांची गाडी फाटकातून आत वळली, तशी सासूबाईंनी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. आत धाकटी सून होती. हे दर बॅचला व्हायचं आणि घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हापासून नियमच झाला होता. नवी पिल्लं उतरताना नवरा गेलेल्या बाईची नजर त्यांच्यावर पडायची नाही; पडली तर बॅच बसते, पिल्लं मरतात.

नियम मोठा सोयीचा होता. चार हजार पिल्लं खोक्यांतून शेडमध्ये गेली, गाडी निघून गेली, की संध्याकाळी कडी निघायची आणि त्याच अशुभ बाईने शेडमध्ये शिरायचं. पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवून त्यांना प्यायला शिकवायचं, ब्रूडरच्या दिव्यांची ऊब सांभाळायची, जमिनीवर पसरलेलं भाताचं तूस हलवायचं, मेलेली वेचायची. तिची नजर पहिल्या काही तासांपुरतीच वाईट होती. पुढचे चाळीस दिवस ती चालायची, कारण तेवढे दिवस कोंबड्यांच्या घाणीत वाकायला घरात दुसरं कुणी तयार नव्हतं.

शेडचा कारभार मोठ्या दिरांचा. म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि येईल त्याला ‘आमच्या पक्ष्यांबद्दल’ ऐकवायचं. ती शेड धाकट्या भावाने आणि या बाईने पत्र्याला पत्रा जोडून उभी केली होती, हे मात्र त्या ऐकवण्यात कधी येत नसे. कोंबड्यांवर दिरांना एकच उपाय ठाऊक होता, औषधाची पुडी. पक्षी आजारी असो वा नसो, पाण्यात पुडी पडलीच पाहिजे.

एका बॅचला ही पुडी चालेना. तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांना पातळ विष्ठा होऊ लागली आणि तीत न पचलेलं खाद्य जसंच्या तसं दिसायला लागलं. तुसाचा चिखल झाला. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे. दिरांनी मात्रा दुप्पट केली. पक्षी मरतच राहिले. तेव्हा धाकटीने विष्ठेचे नमुने डब्यात भरले आणि कुणालाही न विचारता पशुवैद्य डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी तिला बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. ऊठसूट औषध दिल्याने जंतू त्याला सरावले होते. आधी पाण्याच्या नळ्या धुवायच्या, तूस कोरडं ठेवायचं, गरज नसताना पुडी द्यायची नाही. मग ओवा, लसूण आणि आलं वाळवून, दळून, खाद्यात थोडं थोडं घालून बघायचं. त्याने पचन सुधारायला हातभार लागू शकतो.

“पण अर्ध्याच शेडला द्या,” त्या म्हणाल्या. “नाहीतर गुण कशाचा ते कळायचं नाही. आणि पक्षी आजारी पडला तर मला बोलवा. ओव्याने रोग बरा होत नाही.”

पुढच्या बॅचला तिने शेडच्या मधोमध जाळी बांधली. सुरुवातीला भुकटी जास्त झाली. वासानेच पक्षी खाद्याकडे पाठ फिरवू लागले. तिने प्रमाण कमी केलं. दर आठवड्याला दोन्ही बाजूंचे पन्नास पन्नास पक्षी काट्यावर ठेवले, वजनं वहीत लिहिली, तूस मुठीत दाबून ओल पाहिली. शेवटी साध्या बाजूचे सत्त्याण्णव पक्षी मेलेले निघाले, भुकटीच्या बाजूचे एक्केचाळीस. डॉक्टरबाईंनी वही पानन् पान वाचली आणि एका बॅचवरून काही ठरत नाही, पुन्हा करा, असं सांगितलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं.

गुण दिसला, तशी दिरांची खुर्ची दारातून आत आली. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणू लागले आणि त्यांनीही ते म्हणू दिलं. हा नुस्खा आपल्या आजोबांचा, असं ते सांगत. आजोबांनी जन्मात कोंबडी पाळली नव्हती. खाल्ल्या मात्र पुष्कळ.

पुढची पिल्लं उतरायच्या दिवशी वैद्यबुवांनी बावीस कोंबडीपालकांना शेड दाखवायला बोलावलं. डॉक्टरबाईंना बोलावणं नव्हतं. धाकटी नेहमीप्रमाणे कडीच्या आत. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडत होती, हे एक बरं होतं. कुणी अवघड प्रश्न विचारला की वैद्यबुवांना तहान लागायची. ते खिडकीशी यायचे, पाण्याचा पेला घ्यायचे, हळूच उत्तर विचारायचे आणि परत जाऊन ते उत्तर आजोबांच्या नावावर खपवायचे. असे तीन पेले झाले.

मग एका म्हाताऱ्या कोंबडीवाल्याने विचारलं. त्याच्या पक्ष्यांना दोन दिवसांपासून रक्ताची विष्ठा होत होती. औषध द्यावं की भुकटी?

चौथा पेला पोटात मावेना म्हणून असेल, वैद्यबुवांनी स्वतःच्याच अकलेने उत्तर दिलं. औषध बंद करा, मूठ मूठ भुकटी टाका, तीन दिवसांत पक्षी उड्या मारतील.

धाकटीने खिडकीतून ऐकलं आणि ती दाराशी धावली. तीन दिवसांत त्या म्हाताऱ्याची शेड रिकामी झाली असती. सासूबाई दाराबाहेरच बसल्या होत्या.

“आई, कडी काढा,” ती म्हणाली. “नाहीतर भाऊजी तीनदा पाणी प्यायला का आले, ते इथूनच मोठ्याने सांगते.”

सासूबाईंनी कडी काढली. सुनेसाठी नव्हे, लेकाच्या अब्रूसाठी.

ती उतरणाऱ्या खोक्यांच्या बाजूने सरळ अंगणात गेली. “काका, भुकटी देऊ नका,” ती म्हाताऱ्याला म्हणाली. “हा आतड्याचा रोग आहे. मेलेला पक्षी घेऊन आत्ताच डॉक्टरबाईंकडे जा. त्या सांगतील तेच औषध द्या.”

“घरात जा,” दीर दात आवळून म्हणाले. “पिल्लं उतरतायत.”

“दिसतायत मला. चाळीस दिवस त्यांची घाण मीच काढते भाऊजी. तेव्हा माझी नजर कुठे जाते?”

कुणीतरी हसलं आणि लगेच खाकरलं. म्हातारा उठला आणि वाटेला लागला. उरलेल्यांना तिने भुकटीने काय होतं, काय होत नाही, सगळं सांगितलं. दीर खुर्चीची पाठ धरून उभे होते.

म्हाताऱ्याची बरीचशी शेड वाचली. इकडे पहिल्या आठवड्यात तीसेक पिल्लं मेली, दर बॅचला मरतात तेवढीच. पण या वेळी सासूबाईंनी एकेक पिल्लू सुनेच्या नावाने मोजलं. आठव्या दिवशी तिने वही आणि कपडे पिशवीत भरले. म्हाताऱ्याने आपली शेड सांभाळायला पगार आणि राहायला खोली देऊ केली होती. निघताना दिरांनी वही ठेवून जायला सांगितलं. ती म्हणाली, “आजोबांना विचारा.”

दिरांसारख्या माणसाबद्दल काय बोलायचं? बांडगूळ झाडावरच वाढतं, त्याला दुसरं येत नाही. प्रश्न त्या बाकीच्या एकवीस जणांचा आहे. शहाणीसुरती, चार माणसांत ऊठबस असलेली माणसं. बाई बाहेर येण्याआधी कडी निघाल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांनी खिशातून कागद काढले, ओव्याचं प्रमाण उतरवून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली. बाईला कोंडलं का होतं, हे एकानेही विचारलं नाही. त्यांच्याही घरांत एखादी बहीण, एखादी वहिनी, एखादी सून असेलच, जिची नजर वाईट आणि हात मात्र कामाचे. कोंबडीला काय पचत नाही याची एवढी चिंता वाहणाऱ्या या माणसांना आपल्या घरातल्या बाईचा अपमान मात्र रोज, बिनबोभाट पचतो.