चोच नसलेलं बोंडलं

मी एक जुनं बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी बोंडलं पाहिलेलंही नसेल. चांदीची लहानशी वाटी आणि तिला पुढे निमुळती चोच, असं माझं रूप. त्या चोचीतून बाळाच्या ओठांत दूध, पेज, औषध यांची धार सोडायची, एवढंच माझं काम. पण आता मला पाहून कुणी बोंडलं म्हणणार नाही, कारण माझी चोच राहिलेली नाही. ती कशी गेली ते सांगायला बसलो आहे, आणि गोष्ट गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म अक्कलकोटकडच्या एका खेड्यात झाला. नीलम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या आईनं स्वतःच्या पायांतले वाळे काढून मडिवाळप्पा सोनाराला दिले. त्यानं ते वितळवले, पत्रा ठोकला आणि मला आकार दिला. चोच करताना मात्र तो फार रेंगाळला. धार जाड पडली तर बाळाला ठसका लागतो, फार बारीक पडली तर बाळ चिडतं, असं तो म्हणायचा. माझ्यात पाणी भरून त्यानं धार पाहिली, पुन्हा ठोकलं, पुन्हा पाहिली. त्या चोचीचा मला फार अभिमान होता.

नीलम्माचा थोरला मुलगा माझ्यातून दूध प्यायला. तो रांगायला लागल्यावर एकदा शेतात, बांधावर जेवणं चालली होती. कुणीतरी कौतुकानं त्याच्या तोंडात भाताचा घास घातला. घास गळ्यात अडकला, आणि गावात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी नीलम्माच्या मनानं एक गाठ बांधली ती कायमची. माझ्या चोचीतून जाईल तेवढंच बाळाचं. जे चोचीतून जात नाही, ते बाळाच्या तोंडात जाता कामा नये.

पुढची दोन मुलं, सिद्धेश्वरी आणि सोमेश, तिनं याच नियमानं वाढवली. दोघं चांगली धट्टीकट्टी झाली, त्यामुळे आपला नियम खरा असं तिला वाटलं. पण मित्रांनो, तेव्हा दारात म्हैस होती. माझ्या चोचीतून उतरायचं ते सायीचं दाट दूध. शिवाय दोघंही अंगणात लोळत मोठी झाली. आईची पाठ वळली की कुणाच्या ताटातला भाकरीचा तुकडा ओढ, कुठं सांडलेला गूळ चाट, असं त्यांचं दिवसभर चालायचं. नियमापेक्षा ती चोरूनच जास्त वाढली, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग मी कित्येक वर्षं एका चिंधीत गुंडाळून ट्रंकेत पडून राहिलो. म्हैस गेली, शेत गेलं, आणि नीलम्मा मुलाच्या मागं सोलापुरात आली. यंत्रमागांचा खडखडाट जिथं दिवसभर थांबत नाही, अशा वस्तीत दोन खोल्यांचं घर. सोमेश टॉवेलच्या कारखान्यात कामाला, त्याची बायको शिवानी शाळेचे गणवेश शिवायला. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव गुरु ठेवलं. नीलम्मानं मला ट्रंकेतून काढलं आणि राखेनं लख्ख घासलं. काळा पडलेला मी पुन्हा चकाकलो. आपले दिवस परत आले, असं मला वाटलं.

गुरु बसायला लागायच्या आतच शिवानीला कामावर जावं लागलं. बाळाच्या खाण्याच्या पावडरीचा डबा दुकानातून एकदा आणला, पुन्हा आणणं झेपेना.

"डबा कशाला पायजे?" नीलम्मा म्हणाली. "मी करते की खिमट घरी."

आणि ती करायचीही छान. रेशनचा तांदूळ निवडायचा, त्यात मुगाची डाळ घालायची, दोन्ही धुऊन सावलीत फडक्यावर वाळवायचं, मंद आचेवर तांबूस भाजायचं आणि चिमूटभर जिरं टाकून मिक्सरमधून बारीक रव्यासारखं काढायचं. भाजल्याचा वास सगळ्या गल्लीत पसरायचा. मी डब्यातलंही चाखलं आहे आणि हेही. हे कशातच कमी नव्हतं. खाणं घरचं होतं, स्वस्तातलं होतं, म्हणून पुढचं झालं असं समजू नका. लोक नंतर तसंच बोलले, म्हणून मुद्दाम सांगतो.

खोट होती ती माझ्या चोचीपाशी. खिमट शिजलं की दाट व्हायचं आणि दाट खिमट चोचीतून उतरायचं नाही. कणी अडकायची. कणी अडकली की नीलम्माला बांधावरचा तो दिवस दिसायचा. मग ती खिमटात भांडंभर गरम पाणी ओतायची, मलमलच्या फडक्यातून ते गाळायची आणि खाली उतरलेलं पांढुरकं पाणी माझ्यात भरायची. धार सुरेख लागायची. फडक्यात जो चोथा राहायचा, तो अन्न वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या मथुराबाईंच्या शेळीपुढे टाकायची.

संध्याकाळी शिवानी घरी यायची, चप्पल काढता काढताच विचारायची, "आज किती बोंडली प्यायला?"

आकडा वाढत चालला होता. ऐकून शिवानीचा शीण उतरायचा, सोमेशही हसायचा. पाणी जितकं जास्त तितकी बोंडली जास्त, हा साधा हिशेब करायला त्या घरात कुणाला सवड नव्हती. माप मी होतो, आणि मी प्रत्येक वेळी काठोकाठ भरलेला असायचो. माझ्यावर कुणी संशय घ्यावा तरी कसा?

गुरु फारसा रडायचा नाही. शहाणं लेकरू म्हणून गल्लीत त्याचं कौतुक व्हायचं. मित्रांनो, रडायलाही अंगात बळ लागतं. मी रोज त्याच्या ओठांना लागायचो आणि ते ओठ दिवसेंदिवस ढिले पडत चालले होते. अंगणवाडीत वजन करायला नीलम्मा त्याला नेत नसे. काट्यावर घातलेल्या मुलाला दृष्ट लागते, असं तिच्या मनात होतं. तिच्या कानडी तोंडात बाळाला 'कूसु' असं म्हणायची सवय होती.

"आमचं कूसु लई पितंय," ती विचारणाऱ्याला सांगायची, "पण अंगी लागत न्हाय बगा."

एका रविवारी शिवानी मोरीत कपडे पिळत होती. भिंतीपलीकडून मथुराबाई डोकावल्या.

"नीलम्मा, तुमच्या खिमटाचा चोथा आमच्या शेळीच्या लई अंगी लागला," त्या म्हणाल्या. "कशी तुकतुकीत झालीया, बगा तरी."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. आपल्या जनावराचं त्या कौतुक करत होत्या. पण शिवानीच्या हातातला पिळा तसाच राहिला. अंगी लागणं हे शब्द ती रोज ऐकत होती, मात्र ते लागणं कधी तिच्या लेकराच्या वाट्याला आलं नव्हतं. ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात आली. तिनं मलमलचं फडकं उलगडलं, चोथा बोटांत धरून पाहिला. मग मला उचलून तिरपं केलं. माझ्या चोचीतून पांढुरकं पाणी तिच्या तळहातावर पडलं आणि बोटांमधून निथळून गेलं.

"आत्या, गुरुला काय पाजता तुमी?"

"खिमट की."

"आन् शेळीला?"

नीलम्मानं फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग झोळीत निजलेल्या गुरुकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"अडकलं असतं गं," ती म्हणाली. "गळ्यात अडकलं असतं."

त्या दिवसापासून शिवानीनं मला बाजूला ठेवलं. काही दिवस ती कामावर गेली नाही. दाट खिमटात ती थेंबभर गोडं तेल घालायची आणि बोटावर घेऊन गुरुला चाटवायची. पण त्याला प्यायचंच माहीत होतं, खायचं माहीत नव्हतं. जीभ सगळं बाहेर ढकलून द्यायची. शिवानी पुन्हा चाटवायची. हळूहळू त्याला चव कळली. एकदा तर त्यानं तिचं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि सोडेना. फळीवरून मी ते पाहिलं. त्या घरात इतका आनंद मी त्यानंतर पाहिलेला नाही.

तो आनंद फार टिकला नाही. उन्हाळा कडक होता, नळाला काही दिवसांआड पाणी यायचं आणि पिपातलं साठवलेलं पाणी सगळ्यांच्या पोटात जायचं. गुरुला जुलाब लागले. तसे ते गल्लीतल्या इतर मुलांनाही लागले होते, आणि ती मुलं सुकली, कुरकुरली, बरी झाली. गुरुच्या अंगात तग धरायला काही शिल्लकच नव्हतं. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा औषध पाजायला म्हणून मलाही पिशवीत घातलं होतं. तिथल्या लोकांनी धावपळ केली. सुई लावायला त्याच्या हाताला शीर सापडेना, मग पायाला शोधली, मग डोक्याला. औषधासाठी मला बाहेर काढायची वेळच आली नाही. मी परत आलो तो त्याच पिशवीत, त्याच्या टोपड्याला टेकून.

घरी चांगलं पावडरीचं खाणं घातलं असतं तर जगलं असतं, असं लोक म्हणाले. शिवानी ऐकून घ्यायची. नीलम्माला कुणी काही बोललं नाही, शिवानीही नाही. दोघी एका चुलीपुढे स्वयंपाक करायच्या, एकमेकींपुढे ताट सरकवायच्या आणि एकमेकींशी शब्दही बोलायच्या नाहीत. खिमटाच्या वेळेला शेळी भिंतीशी येऊन ओरडायची. शेवटी मथुराबाईंनी ती बाजारात नेऊन विकली.

पावसाळा सरल्यावर बार्शीहून सिद्धेश्वरी आली. तिच्या कडेवर लेक होती, उत्कर्षा. लेकीचं उष्टावण जवळ आलं होतं. पहिला घास भरवायच्या वेळी मी त्यांच्या घरात असायचो, ही रीतच पडून गेली होती.

"अव्वा, बोंडलं दे की," ती आईला म्हणाली. "आमी दोघं त्याच्यावरच वाढलो."

नीलम्मानं फळीवरून मला काढलं. क्षणभर पदरानं पुसलं. सिद्धेश्वरीला वाटलं, आता हातात देईल. पण ती मला घेऊन मागच्या दारी गेली, पाट्यावर ठेवलं आणि खलातला लोखंडी बत्ता उचलला. पहिला घाव चुकला. मी गडगडत मोरीपाशी गेलो.

शिवानी आतून बाहेर आली. तिनं मला उचललं, पाट्यावर ठेवलं, समोर बसून दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मारा आत्या," ती म्हणाली. "धरलंय मी."

इतक्या महिन्यांत ती सासूशी बोललेली ही पहिली गोष्ट. नीलम्मा रडत होती आणि मारत होती. मडिवाळप्पानं इतक्या निगुतीनं काढलेली माझी चोच आधी चेपली, मग वर दुमडली, मग ठोकून ठोकून कडेला बसली. मला दुखलं का? दुखलं. पण असा योग्य घाव मला आयुष्यात दुसरा बसला नाही, आणि तो काही महिने आधी बसायला हवा होता.

मग नीलम्मानं स्वतः दाट खिमट शिजवलं. ते माझ्यात घेतलं, बोटावर उचललं, बोट तिरपं करून पाहिलं. ओघळलं नाही. नातीच्या तोंडापाशी तिचं बोट थांबलं, पुढं जाईना. शिवानीनं तिचं मनगट धरलं आणि हळूच पुढं केलं. उत्कर्षानं घास घेतला. तो गळ्याखाली उतरेपर्यंत नीलम्मा तिच्या गळ्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे नेहमी एकच मागतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी तान्हं भावंड असेल तर त्याच्यासाठी महागाचा डबा नसला म्हणून रडू नका, घरातल्या तांदळा-डाळीत पुष्कळ बळ असतं. फक्त ते बळ कुणाच्या पोटात जातंय, एवढं बघा. बाळाचं खाणं बोटावर घेऊन तिरपं करा. ओघळून गेलं तर मोठ्यांना हाक मारा. आणि कुणाच्या ट्रंकेत माझ्यासारखं एखादं चोचीचं भांडं निघालं तर त्यातून औषध पाजा, दूध पाजा, पण बाळाचं जेवण त्याच्या चोचीवर मोजू नका.

सिद्धेश्वरी मला सोबत घेऊन गेली, त्या बार्शीच्या घरात आता मला वाटी म्हणतात. तुम्हीही वाटीच म्हणा.