बिनआईची रोपं

सून रोपवाटिकेच्या फाटकातून आत आली ती केळीचं पान नाचवतच. पानावर पिवळ्या रेघा उठल्या होत्या, कुणी नखांनी ओरबाडल्यासारख्या.

"हे काय गळ्यात मारलंत माझ्या?" तिनं पान रोपवाटिकेवाल्याच्या नाकासमोर धरलं. "प्रयोगशाळेतली रोपं, एकसारखी, निरोगी! तोंड भरून सांगत होतात. हे निरोगी?"

तो पिशव्यांत माती भरत होता. "ताई, आधी बसा तरी."

"बसायला नाही, भांडायला आलेय."

आणि ती भांडलीही, पोटभर. विहिरीकडचं शेत सासऱ्यांनी तिला एका पिकापुरतं दिलं होतं. सासऱ्यांना ती मामा म्हणे. मामांना ही नव्या पद्धतीची केळी मुळीच पटत नव्हती. "काचेच्या बाटलीत जन्मलेलं झाड. ना आई, ना गोत. ते काय उभं राहणार?" असं म्हणत त्यांनी अट घातली होती, "हे पीक साधलं तर शेत तू बघ. फसलं, तर पुन्हा माझ्या शेतीत तोंड घालायचं नाही." नवरा ट्रकवर असायचा, आणि घरी आला की बाप आणि बायको यांच्यामध्ये मिठाची गुळणी धरून बसायचा. म्हणून वीतभर रोपं तिनं एकटीनं जपली. उन्हं कलल्यावर लावली, वारा फाडेल म्हणून कडेनं आडोसा केला, लेकरासारखं मोजून पाणी पाजलं. आता कुठं ती कमरेला लागली होती, तर हे.

"रोग माझ्याकडून आला असेल तर सगळी रोपं बदलून देतो," रोपवाटिकेवाला हात झटकत म्हणाला. "पण आधी मला शेत दाखवा."

शेतात रोग सगळीकडे नव्हता. चार-दोन जागी होता, आणि प्रत्येक जागी एका झाडाभोवती, डबक्यात दगड पडावा तसा पसरलेला. रोपवाटिकेवाला एका मधल्या झाडाशी वाकला.

"हे झाड माझं नाही."

"सापडल्यावर सगळे असंच म्हणतात."

"मग खणा की. मी हात लावत नाही."

तिनं कुदळ घातली. झाड निघालं ते नारळाएवढा गड्डा घेऊन. बाटलीतल्या रोपाला एवढा गड्डा कुठला! त्याच्या एका अंगाला जुना, साफ घाव होता. आईच्या बुंध्यालगत फुटलेला मुनवा पहारीच्या एका फटक्यात तोडल्याचा घाव. असा फटका घरात एकाच माणसाचा होता.

मामा बांधावर बसले होते. तिनं तो गड्डा त्यांच्या पायांपुढे आपटला.

"तुम्ही लावलात?"

"लावला," मामा शांतपणे म्हणाले. "तू चार दिवस माहेरी गेलीस तेव्हा तुझी काही रोपं मेली, जागा ओस पडल्या होत्या. विहिरीजवळच्या आपल्या केळीच्या जुन्या बेटातले मुनवे लावले. पोरक्या पोरांत एखादं जाणतं माणूस नको?"

"जाणतं माणूस!" तिचा आवाज फाटला. "रोग घेऊन आलं तुमचं जाणतं माणूस!"

"ते बेट इतकी वर्षं घड देतंय. त्याला कसला रोग?"

"जुनी झाडं रोग अंगावर काढतात, काका," रोपवाटिकेवाला म्हणाला. "कोवळ्यांना तो सोसत नाही. मावा किडा तिकडचा रस पितो आणि इकडे येऊन बसतो. बाधलेली सगळी काढा. विहिरीजवळचं बेटही. पण आधी फवारा मारा, नाहीतर मावा उडून पुढच्या झाडावर जाईल." एवढं बोलून तो निघाला. जाताना म्हणाला, "ताई, माझी माफी नाही मागितलीत तरी चालेल."

तिनं नाहीच मागितली. तेवढी सवड नव्हती. पंप पाठीवर घेतला, शेत फवारलं, बेटावर फवारलं, मग कोयता उचलला.

मामा बेटापुढे आडवे उभे राहिले. "याला हात लावायचा नाही. तुझ्या सासूच्या हातचं आहे हे."

"माझ्या शेतात मुनवे खुपसलेत, तेव्हा मला विचारलंत?"

"मी बऱ्यासाठीच केलं."

"तेच तर! वाईटासाठी केलं असतंत तर मी राखण तरी ठेवली असती. रोपं मेली असती तर दोष कुणाचा? बाटलीचा. आणि शेत कुणाचं? तुमचं. बाजूला व्हा."

"नाही झालो तर?"

"तर पलीकडून तोडते."

आणि तिनं दुसऱ्या बाजूनं घाव घातला. पाण्यानं भरलेला बुंधा फचकन कापला गेला. दुसरा पडला, तिसरा पडला. चीक तिच्या हातांवर, लुगड्यावर उडाला. त्याचे डाग जन्मात जात नाहीत, तिला ठाऊक होतं. मामा बघत राहिले. ते संतापले होते.

"वरून कापून काय होतंय?" ते एकदम ओरडले. "गड्डा तसाच! आठ दिवसांत पुन्हा कोंब काढेल. असलं अर्धवट काम माझ्या शेतात चालत नाही!"

त्यांनी पहार आणली आणि पहिल्या गड्ड्याखाली घातली. एका फटक्यात, साफ.

"माझ्या शेतात," ती कोयता न थांबवता म्हणाली.

मामांनी पहारीवर जोर लावला. गड्डा उचकटला, उलटा केला आणि पुढच्याकडे वळले.